भूप, देशकार आणि काळी मोहरी

पांढऱ्याने वजिराचे प्यादे दोन घरे पुढे टाकले, की काळ्यापुढे ‘किंग्ज इंडियन’ व ‘ग्रुनफेल्ड’ ही सख्खी भावंडे उभी राहतात. पहिल्या दोन खेळ्या त्याच. उंटही अखेर त्याच घरी बसतो. तिसऱ्या खेळीला वाट फुटते. ग्रुनफेल्डात वजिराचे प्यादे दोन घरे जाऊन तत्काळ भिडते. किंग्ज इंडियनमध्ये ते पुढे एकच घर सरकते, पांढऱ्याला मधला पट व्यापू देते, आणि किल्लेकोट झाल्यावर प्रतिकार सुरू होतो.

‘मुलांना दोन्ही शिकवा, ऐनवेळी ठरवतील,’ असे काही स्नेही म्हणतात. मला ते पटत नाही. भूप-देशकाराचे स्वर तेच पाच. पण एकात गंधार प्रधान, दुसऱ्यात धैवत. नवशिक्या शिष्याला दोन्ही एकदम दिले, तर त्याचा एकही राग उभा राहत नाही.

नावे परकी म्हणून मात्र बिचकू नये. व्हिएन्नाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डने १९२२ साली पुढे आणलेली मांडणी कलकत्त्यास मोहेशचंद्र बॅनर्जी १८५५ साली कॉक्रेनसाहेबांविरुद्ध खेळले होते.

माझे मत असे : आधी किंग्ज इंडियन घोटावा. जागा आखडते खरी. पण बेत स्पष्ट असतो, एखादी खेळी आठवली नाही तरी दिशा सापडते. ग्रुनफेल्डात वेळेवर घाव बसला नाही, तर पांढऱ्याची मधली प्यादी चिरडून टाकतात. तेथे पाठांतर पक्के लागते. मुलाचा हात बसू द्या, मग तो बचाव द्या. तालीम एकाचीच, ओळख दोन्हींची.