माशीला नाव देणारे आणि नावं ठेवणारे

वीस वर्षं जिल्ह्याच्या पेपरात काढली, त्यामुळे आधी स्वतःचा गुन्हा कबूल करतो. नव्या कीटकाची बातमी आली की मी ती आतल्या पानावर तळाला ढकलायचो. एकदा तर 'नव्या माशीचा जन्म' असा मथळा देऊन मोकळा झालो. जणू ती काल जन्मली! माशी लाखो वर्षं इथेच होती, उशिरा आलो आपण.

परवा टपरीवर एक गुरुजी म्हणाले, "माश्या मोजायला सरकारचा पैसा कशाला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणून हे लिहितोय.

चिलीतली गोष्ट घ्या. तिथली एक माशी दरोडेखोर माश्यांच्या (हो, रॉबर फ्लाय) भावकीतली, पण माहीत असलेल्या एकाही कुळात बसेना. २००३ मध्ये येट्स, अर्विन आणि विगमन यांनी तिच्यासाठी अख्खं नवं कुळ मांडलं, ओकोइडी. मांजर आणि कुत्रा ही दोन वेगळी कुळं आहेत, यावरून अंदाज करा. पुढे निघालं की 'ओकोआ' हे नाव आधीच दुसऱ्या प्राण्याला दिलेलं आहे. झालं, २००६ मध्ये नाव बदलून 'इव्होकोआ', कुळ इव्होकोइडी. आपल्याकडे शहरांची नावं बदलतात त्यापेक्षा जास्त शिस्त आहे ही.

हे काम बसल्या जागी नाव सुचवण्याचं नाही. नराचे मागचे अवयव रसायनात मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली सोडवायचे, पंखांच्या शिरा, तोंडावरचे राठ केस बघायचे, मग जुन्या नमुन्यांशी ताडायचं. आणि आपल्याकडच्या कित्येक माश्यांचे मूळ नमुने आहेत लंडनच्या कपाटात, कारण एकोणिसाव्या शतकात वॉकरसाहेबांनी वर्णनं तिथे बसून केली. तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाने तिकिटाचे पैसे कुठून आणायचे?

बरं, बढतीला इम्पॅक्ट फॅक्टर बघणार. २०२० मध्ये 'झूटॅक्सा' या नियतकालिकाला त्या यादीतून काढलं, का तर ते स्वतःच्याच जुन्या लेखांचे दाखले फार देतं! अहो, नव्या जातीची तुलना जुन्या वर्णनांशीच करणार ना? जगभर ओरड झाली, तेव्हा महिनाभरात परत घेतलं.

'उपयोग काय' विचारणाऱ्या ऊसवाल्यांना हुमणी सांगायला नको. मुळं खाऊन उभा फड वाळवते. काही दरोडेखोर माश्यांच्या अळ्या जमिनीत अशाच हुमण्यांवर जगतात. मोठी माशी उडता किडा पकडते, सोंड खुपसून लाळ सोडते, आतलं पातळ झालं की शोषून घेते. मधमाश्याही धरते, साधू नाही ती. पण कुठली जात कुठल्या रानात, हे ओळखणारा माणूसच नसेल तर आपण सरसकट औषधाची आळवणी करणार आणि मित्रही मारणार.

२००२ चा जैवविविधता कायदा सांगतो, नवी जात सापडली तर कळवा, नमुना जमा करा. बरोबरच आहे. पण तो नमुना ओळखणाऱ्याची खुर्ची रिकामी असेल तर?

सोमवारी विद्यापीठात माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. कीटकांचं वर्गीकरण शिकवणारी पदं किती मंजूर, किती भरलेली, किती वर्षं रिकामी. उत्तर आलं की इथेच टाकतो, या वेळी मथळा नीट देऊन.