कापूस विकायला स्लॉट, आयातीला सूट: यवतमाळच्या शेतकऱ्यासाठी न्याय्य कर म्हणजे काय?

शेतकऱ्यांचा विषय निघाला की सोशल मीडियावर एक कमेंट हमखास येते: "यांना तर इन्कम टॅक्सही नाही." हे खरं आहे. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकरातून सूट आहे. पण कराचा परिणाम फक्त कर भरणाऱ्यावरच होतो का?

२०२५-२६ च्या कापूस हंगामात यवतमाळ जिल्ह्यात याचं उत्तर सापडतं. वणी, राळेगाव, पांढरकवडा, घाटंजी हा सगळा कापसाचा पट्टा. इथल्या शेतकऱ्याला सरकारी केंद्रावर कापूस विकायचा असेल, तर आधी ॲपवर स्लॉट घ्यावा लागतो. त्याच काळात केंद्राने परदेशातून येणाऱ्या कापसावरचा कर मात्र शून्य केला. या दोन निर्णयांचा एकमेकांशी काय संबंध आहे, ते पाहूया.

आयात शुल्काचं नेमकं काय झालं?

फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसावर आयात शुल्क लागलं. अधिभार धरून ते ११ टक्के होतं. एप्रिल २०२२ मध्ये देशात कापसाचे भाव खूप चढले, तेव्हा ते काही महिने माफ झालं आणि नंतर पुन्हा लागू झालं.

मग आला ऑगस्ट २०२५. सरकारने १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत शुल्कमाफी जाहीर केली. दहा दिवसही झाले नव्हते, तोच २८ ऑगस्टला ही मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.

आता शेतातलं वेळापत्रक बघा. कोरडवाहू कापसाची लागवड जूनमध्ये होते. वेचणी साधारण ऑक्टोबरपासून, आणि बाजारात आवक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाढते. म्हणजे पेरताना ११ टक्के शुल्क होतं. पीक उभं असताना ते गेलं आणि विकण्याचे पहिले तीन महिने ते शून्यच राहिलं.

कर व्यापाऱ्याचा, मग शेतकऱ्याचं काय बिघडलं?

सोपं गणित आहे. समजा, परदेशी कापूस गिरणीला १०० रुपयांना पडतो. शुल्क असेल तर तो १११ ला पडतो. शुल्क गेलं की गिरणी इथल्या कापसालाही १०० च्या आसपासच भाव द्यायला बघते. शेतकऱ्याने एक रुपयाही कर भरलेला नसतो, तरी फरक त्याच्याच भावात पडतो.

पण हमीभाव आहे ना?

शुल्कमाफीच्या बाजूने हाच युक्तिवाद केला जातो. बाजार पडला तरी भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, हमीभावाने खरेदी करतं. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये प्रति क्विंटल होता. आधीच्या वर्षीपेक्षा तो ५८९ रुपयांनी जास्त होता.

मात्र हा भाव मिळवायचा तर वाट लांब आहे. 'कपास किसान' ॲपवर आधार आणि जमिनीच्या कागदांसह नोंदणी, मग तपासणी, मग स्लॉट. नोंदणीची मुदत आधी ३० सप्टेंबर होती, ती वाढवावी लागली. ॲपमागचा हेतू चांगला आहे: केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागू नयेत आणि शेतकऱ्याच्या नावावर व्यापाऱ्याने माल घालू नये.

अडचण अशी, की कापूस वेळापत्रकाने चालत नाही. वेचणीला मजूर मिळाले तर मिळाले. भाड्याची गाडी त्याच दिवशी मोकळी हवी. वर पाऊस. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तरच पूर्ण हमीभाव मिळतो. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भाव एक टक्क्याने कमी होतो, आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा गेला तर माल घेतच नाहीत. त्या हंगामाच्या हमीभावाने १२ टक्के ओलाव्याच्या लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे सुमारे ३२४ रुपये कमी मिळत होते. कापूस वाळवायला थांबावं तर स्लॉट जातो, आणि स्लॉट गाठावा तर ओला माल न्यावा लागतो.

आणि थांबणं सगळ्यांना परवडत नाही. वेचणीची मजुरी रोख द्यायची असते, कृषी केंद्राची उधारी असते, रब्बीचं बियाणं आणायचं असतं. मग दारात आलेल्या खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला माल जातो. समजा, त्याने हमीभावापेक्षा १,००० रुपये कमी दिले आणि घरात २० क्विंटल कापूस आहे. २०,००० रुपये गेले. याची पावती कुठेच फाटत नाही, पण ज्याच्याकडे थांबायची ताकद कमी, त्याच्याकडूनच ही वसुली होते.

कापड उद्योगाची बाजू

तीही खरी आहे. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरचा टॅरिफ ५० टक्क्यांवर नेला. तिथे कपडे पाठवणाऱ्या कारखान्यांचं कंबरडं मोडायची वेळ आली. कच्चा माल स्वस्त मिळावा ही त्यांची मागणी रास्त होती. पण संकट निर्यातीवर आलं आणि दिलाशाचा भार कापूस उत्पादकाच्या बाजारभावावर टाकला गेला. सरकार हाच दिलासा स्वतःच्या तिजोरीतून, निर्यातदारांना थेट मदत करून देऊ शकलं असतं.

मग न्याय्य कर कशाला म्हणायचं?

अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये चांगल्या कराच्या चार कसोट्या सांगितल्या होत्या. ऐपतीनुसार भार, निश्चितता, भरणाऱ्याची सोय आणि वसुलीचा कमी खर्च. आपण बहुतेक वेळा पहिल्या कसोटीवरच भांडतो: कोण किती भरतो? कापसाच्या बाबतीत दुसरी आणि तिसरी जास्त महत्त्वाची ठरते. पेरणीनंतर बदललेल्या शुल्कात निश्चितता नाही. आणि वेळेची सगळी लवचीकता आयातदाराला मिळाली, शेतकऱ्याला नाही.

करायचं तर अवघड नाही. कापसाचं शुल्क मे अखेरीस, पेरणीआधी जाहीर करून हंगामभर स्थिर ठेवता येईल. बाजारभाव हमीभावाखाली असेल तर शुल्कमाफी नाही, असा नियम करता येईल. पाऊस पडला तर स्लॉट रद्द न होता आपोआप पुढे ढकलता येईल. आणि कोणत्या केंद्रावर किती शेतकरी प्रतीक्षेत आहेत, हे ॲपवर सगळ्यांना दिसलं पाहिजे.

आयात शुल्क माफ करताना हमीभावाची हमी दिली जात असेल, तर तो हमीभाव शेतकऱ्याला पैशांची गरज असते त्या आठवड्यात मिळायला हवा. पुढच्या वेळी "शेतकरी कर भरत नाहीत" अशी कमेंट दिसली, तर विचारून बघा: कापूस विकायला किती दिवस थांबावं लागलं, आणि त्या दिवसांचे पैसे कोणी भरले?