नळीचें अन्न आणि उपासाचें भय

'पोटांत कांहीं तरी गेलें पाहिजे' या एका वाक्यापुढें आपल्या समाजांत शास्त्र आणि दया हीं दोन्ही निरुत्तर होतात. आमच्या मुकुंदवाडीसारख्या वस्तींत रुग्णालयांतून घरीं परतलेला वृद्ध नाकांतील नळीसह अंथरुणावर असतो, आणि डब्यांतील पूड पाण्यांत कालवून ठराविक तासांनीं त्या नळींतून सोडली जाते. पोट फुगो, वांत्या होवोत, जुलाब लागोत. नेम मोडावयाचा नाहीं. कां? तर मोडल्यास आपण माणसाला उपाशी मारलें असें होईल! ही समजूत कनवाळू दिसते; परंतु ती रुग्णाच्या देहाची फिर्याद ऐकून घेत नाहीं, म्हणून तिला आमचा विरोध आहे.

या विरोधाचा विपर्यास मात्र होऊं नये. डबा सोसत नाहीं म्हणजे अन्नच सोसत नाहीं, असें मानणें ही उलट बाजूची घाई होय. जुलाबांचें मूळ पुष्कळदां त्या मिश्रणांत नसून प्रतिजैविकांत, सॉर्बिटॉल घातलेल्या पातळ औषधांत किंवा अस्वच्छ भांड्यांत असतें. म्हणून आधीं वेग कमी करावा, उशाकडील बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवावी, दुधांतील साखर नसलेलें अथवा अंशतः पचविलेल्या प्रथिनांचें मिश्रण वैद्यांस विचारून योजून पाहावें. घरचें अन्न बारीक वाटून, गाळून देण्याची गोष्ट निघतांच कोणी नाक मुरडतात. पण आहारतज्ज्ञानें माप ठरविलें आणि स्वच्छता पाळली, तर तोहि एक मार्ग आहे. नुसत्या पेजेच्या पाण्यावर मात्र देह पोसत नाहीं. इतकें केल्यावांचून हात टेकणें हा निव्वळ आळस होय.

परंतु इतकें करूनहि देह नाकारीतच राहिला तर? खरा वाद येथें आहे. अन्न हें औषध नव्हे, तें थांबवितां येत नाहीं, असें एक पक्ष म्हणतो. आणि अन्नदानाचा आपला सारा संस्कार त्याच्या पाठीशीं उभा आहे. तथापि घास आणि नळी यांत भेद आहे. घास माणूस घेतो किंवा तोंड फिरवितो; नळी कोणास विचारीत नाहीं. १९२९ सालीं लाहोरच्या तुरुंगांत उपोषण करणाऱ्या जतींद्रनाथ दासांवर नळीची सक्ती झाली. ६३ दिवसांनीं ते गेले. त्या कृत्यास अन्नदान कोण म्हणेल? उलट १९८२ सालीं पवनारला विनोबांनीं अन्न व औषध सोडलें, तेव्हां भोंवतालच्यांनीं सक्ती केली नाहीं. म्हणून त्यांची भक्ति उणी ठरली काय?

कोणी म्हणेल, हे दोघे बोलूं शकत होते. जो बोलूं शकत नाहीं त्याचें काय? आणि मग अरुणा शानबाग यांचें उदाहरण पुढें येईल. १९७३ पासून २०१५ पर्यंत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिकांनीं त्यांना सांभाळलें; २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांचें अन्न बंद करण्याची विनंति फेटाळली. ती सेवा कोणत्याहि युक्तिवादाहून मोठी आहे. पण ध्यानांत घ्यावें कीं, त्या परिचारिकांनीं वर्षानुवर्षें तोंडानें भरविलें, आणि तो देह तें अन्न स्वीकारीत होता. प्रत्येक घोटानें यातना वाढणाऱ्या देहावर नळी लादण्यास हा दाखला कामास येत नाहीं.

२०१८ सालीं त्याच न्यायालयानें उपचारांविषयींची आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला. २०२३ पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर तो लेख करतां येतो. मिळकतीचें मृत्युपत्र लिहिणाऱ्या सुशिक्षितांनीं नळीविषयींहि चार ओळी लिहाव्या. नाहीं तर तो निर्णय अपराधाच्या भयानें ग्रासलेल्या मुलासुनांवर पडतो, आणि भय हें नेहमीं नळीच्याच बाजूनें कौल देतें. ओठ ओले करणें, वेदना शमविणें, हात हातांत धरणें हीहि सेवाच आहे. जें दिल्यानें घेणाऱ्याचे हाल होतात, तें दान देणाऱ्याच्या समाधानासाठीं चालू ठेवण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.