पेटी दुरुस्त करणाऱ्याला विज्ञानाच्या तासाला बोलवा

वर्धा जिल्ह्यातील शाळांत पियानो शोधायला गेलात तर बहुधा हात हलवीत परत यावे लागेल. बाजाची पेटी मात्र पुष्कळ शाळांत असते. प्रार्थनेला, स्वागतगीताला आणि स्नेहसंमेलनाला ती बाहेर निघते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने म्हणणारी मंडळे विदर्भात गावोगावी आहेत. खंजिरीच्या जोडीला तेथेही पेटी असतेच. पण एखादा सूर मुका झाला किंवा भाता फुसफुसू लागला की शाळेची पेटी कपाटावर चढते आणि बहुधा तेथेच राहते. गावात दुरुस्ती करणारा नसेल तर तिला नागपूरच्या दुकानापर्यंत नेणार कोण?

माझे म्हणणे असे की, ती पेटी खाली काढावी, दुरुस्ती करणाऱ्याला शाळेत बोलवावे आणि त्याने ती वर्गासमोर, विज्ञानाच्या तासाला उघडावी. संगीताच्या तासाला नव्हे. ‘ध्वनी’ या प्रकरणातील निम्मी वाक्ये त्या लाकडी खोक्यात आवाज करीत पडलेली आहेत.

आत काय असते ते आधी पाहू. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात. त्यांचा एकत्रित ताण पंधरा-वीस टनांपर्यंत जातो, म्हणून त्याला ओतीव लोखंडाची चौकट लागते. तार उतरली तर खुंटी पिळून चढवता येते, जास्त चढली तर सैल करता येते. पेटीत ही सोय नाही. तेथे पितळी पत्र्याच्या फटीवर पितळेचीच एक पातळ जीभ एका टोकाला रिव्हेटने बसवलेली असते. कारागीर तिलाच ‘सूर’ म्हणतात. (गुजरातेतील पालीताणा हे गाव या सुरांसाठी प्रसिद्ध आहे.) भात्यातील हवा फटीतून जाताना जीभ वरखाली कंप पावते. तिची कंप्रता मुख्यतः तिची लांबी, जाडी आणि धातू यांवर ठरते. जाडी तीच ठेवून लांबी निम्मी केली तर कंप्रता दुप्पट नव्हे, चौपट होते.

आता स्वर उतरलेला असेल तर कारागीर जिभेच्या मोकळ्या टोकाकडचा धातू कणभर खरवडतो. टोक हलके झाले की जीभ अधिक वेगाने हलते, स्वर चढतो. स्वर चढलेला असेल तर तो मुळाजवळ खरवडतो. तेथला ताठपणा कमी होतो आणि स्वर उतरतो. एकाच कानशीचे दोन उलटे परिणाम! एकीकडे वस्तुमान कमी केले, दुसरीकडे स्थितिस्थापक बल. मात्र दोन्ही वेळा धातू कमीच होतो, तो परत चिकटवता येत नाही. म्हणून हा माणूस एकदा घासतो, सूर जागेवर बसवतो, वाजवून ऐकतो, पुन्हा काढतो. घासताना जीभ तापते आणि तापलेल्या जिभेचा स्वर किंचित खाली असतो, म्हणून ती निवेपर्यंत थांबावेही लागते. साडेतीन सप्तकांच्या पेटीत ४२ पट्ट्या, दुहेरी सुरांची असेल तर ८४ जिभा. काम किती चिकाटीचे आहे ते यावरून कळेल.

पण स्वर चुकला आहे हे त्याला कळते कसे? ४४० आणि ४४३ कंप्रतेचे दोन सूर एकदम वाजवले तर आवाज सेकंदाला तीन वेळा वाढतो आणि कमी होतो. यालाच पुस्तकात विस्पंद म्हटले आहे. कारागीर तो शब्द वापरणार नाही, तो म्हणेल, ‘सूर लाटतोय.’ लाटणे जसजसे मंदावते तसतसे दोन सूर जवळ येतात. लाट थांबली की मिळाले. विस्पंदांवरून फरक किती ते कळते, पण कोणता सूर वर आणि कोणता खाली ते कळत नाही. नादकाट्याला मेण लावण्याचे परीक्षेतले गणित आठवते ना? मेणाने काटा जड होऊन त्याची कंप्रता घटते; विस्पंद कमी झाले तर तोच काटा वरचा होता असे ठरते. तेच मेण बाजूला काढलेल्या जिभेच्या टोकाला कणभर लावून पहा. गणित तेच आहे, फक्त येथे उत्तर चुकले तर गुण जात नाहीत, पेटी जाते.

आपल्या जिल्ह्याचे हवामानही या पेटीचे शिक्षकच म्हणायचे. वर्ध्याचा मे महिना पारा ४५ अंशांच्या पुढे नेतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. लाकूड आडव्या रेषेत आकसते, सांधे उघडतात, हवा गळू लागते. मृगानंतर तेच लाकूड ओल पिऊन फुगते आणि पट्ट्या अडकतात. पितळेवर हिरवट गंज चढतो. कापसाचा एखादा तंतू जीभ आणि फट यांच्यामध्ये शिरला तरी सूर मुका होतो. पुलगाव-हिंगणघाटच्या मुलांना कापूस कुठे कुठे शिरतो हे सांगायला नको.

उन्हाळ्यात बासरी आणि पेटी एकमेकींशी का भांडतात तेही पहा. हवेतील ध्वनीचा वेग शून्य अंशाला सुमारे ३३१ मीटर प्रतिसेकंद असतो आणि दर अंशाला ०.६ मीटरने वाढतो. २० अंशांना तो ३४३, तर ४५ अंशांना ३५८ होतो. म्हणजे वाढ चार टक्क्यांहून थोडी अधिक. बासरीचा स्वर तिच्या पोकळीतील हवेवर अवलंबून असल्याने तोही तितकाच चढू पाहतो (वादकाचा श्वास आत जात असल्याने प्रत्यक्षात काहीसा कमी). लागोपाठच्या दोन पट्ट्यांत सहा टक्क्यांचे अंतर असते, तेव्हा हा फरक कानाला चांगलाच जाणवतो. पेटीचा स्वर मात्र धातूवर अवलंबून. पितळ तापले की तो वर न जाता किंचित उतरतो. दोघी विरुद्ध दिशांना निघतात.

सर्वांत रंजक प्रश्न पुढेच आहे. सूर मिळवायचे ते कशाशी? षड्जाची कंप्रता २४० धरली तर गायकाच्या गळ्यातला शुद्ध गांधार ३०० च्या जवळ येतो, कारण त्यांचे प्रमाण ४:५ असते. पेटीतला गांधार मात्र सप्तकाचे बारा समान भाग पाडून काढलेला, म्हणून तो ३०२.४ येतो. गायक आणि पेटी एकत्र आले की सेकंदाला दोन-अडीच विस्पंद! पंचमाला हा तंटा जवळजवळ नाही (३६० आणि ३५९.६). मग गांधार थोडा उतरवून ठेवावा का? एकच गायक एकाच पट्टीत गाणार असेल तर खुशाल उतरवावा. भजनी मंडळात मात्र आज काळी एक, उद्या पांढरी चार. तेथे एकाचा दुरुस्त केलेला गांधार दुसऱ्याचा बिघडलेला मध्यम होईल. म्हणून समान भागांचा तहच बरा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींची पेटी घडवण्याचा खटाटोप केला, अलीकडे ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी तयार केली. ऑल इंडिया रेडिओने तर १९४० मध्ये पेटीला दारच बंद केले आणि १९७१ नंतर ते हळूहळू किलकिले झाले. एवढे रणकंदन ज्या गांधारावरून झाले, तो आठवीच्या वर्गात त्रैराशिकाने तपासता येतो.

हे सगळे वर्ध्यात सांगावे लागते याचे मला नवल वाटते. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथेच शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नयी तालीमचा आराखडा दिला. हाताचे काम नुसते यंत्रवत करून घ्यायचे नाही, प्रत्येक कृतीचे ‘का’ मुलाला कळले पाहिजे, हा गांधीजींचा आग्रह होता. त्यात सूतकताई, सुतारकाम, शेती आली. १९७६ मध्ये देवेंद्रकुमारांनी वर्ध्यालाच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले, खेड्यातील कामांकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहण्यासाठी. पेटीवाला या परंपरेत सहज बसतो. आपण मात्र त्याला ‘मिस्त्री’ म्हणून ओसरीवर बसवतो आणि विस्पंदांची व्याख्या पाठ करायला वर्गात जातो.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम संपत नाही. मान्य. पण ध्वनीचे प्रकरण शिकवायचे आहेच. त्याचेच दोन तास द्या. दुसरा आक्षेप असा की, मोबाइलवर स्वर मोजता येतो, मग हा कान हवा कशाला? मोबाइल जरूर आणा. कारागिराने आधी कानाने सांगावे, मग आकडा पाहावा; दोघांत फरक पडला तर त्यावर वाद घालावा. मोबाइल कंप्रता सांगेल, पण जीभ टोकाशी घासायची की मुळाशी आणि किती, हे हातालाच शिकावे लागते. आणि तो हात शिकायला कोणी येत नसेल तर कारागिराबरोबर ते कसबही जाईल. तिसरा आक्षेप खरा आहे: मुले पेटी बिघडवतील. म्हणून चालू पेटीच्या जिभेला मुलांनी कानस लावू नये. कारागिराकडे जुने, टाकाऊ सूर असतात, ते मागून घ्यावेत.

सुरुवात भात्यापासून करा. सगळ्या खुंट्या बंद करून भाता एकसारख्या जोराने दाबा आणि तो किती सेकंदांत मिटतो ते घड्याळावर मोजा. गळती जितकी जास्त, तितका तो लवकर मिटेल. दर महिन्याच्या एक तारखेला हा आकडा, त्या दिवसाचे तापमान आणि अडकलेल्या पट्ट्या वहीत लिहा, एका जूनपासून दुसऱ्या जूनपर्यंत. कारागीर येईल तेव्हा ती वही त्याच्यापुढे ठेवा. आणि मुख्याध्यापकांना एक विनंती: दुरुस्तीचे पैसे द्यालच, पण दोन तास शिकवल्याचे मानधन वेगळे द्या आणि पावतीवर तसे स्पष्ट लिहा.