घरपट्टीची नोटीस आणि एकवीस दिवस

अकोल्याच्या मालमत्ता कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२५ च्या अखेरीस त्याचा निकाल महापालिकेच्या बाजूने लागला. २०१७ मध्ये महापालिकेने फेरमूल्यांकन करून कर वाढवला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती वाढ रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि कराचे दर ठरवणे हा महापालिकेचा अधिकार आहे, जनहित याचिकेच्या मार्गाने त्यात हस्तक्षेप होऊ नये, असे स्पष्ट केले. मधल्या आठ वर्षांत मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, सभागृहात खडाजंगी झाली. या गदारोळात एक साधी गोष्ट मात्र मागे पडली. कराचा दर ही एक बाब आणि एखाद्या विशिष्ट घराचे मूल्यांकन ही दुसरी. पहिल्या बाबीचे दार आता बरेचसे मिटले आहे. दुसरीचे दार कायद्याने पूर्वीपासून उघडेच ठेवले आहे, आणि त्यातून आत जाणारे फार थोडे.

वाढीचा एवढा धक्का बसला तो का, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अकोला महापालिका २००१ मध्ये अस्तित्वात आली आणि त्यानंतर जवळजवळ सोळा वर्षे कराची फेरआकारणी झालीच नाही. करआकारणीची नोंदवही किमान चार वर्षांतून एकदा नव्याने तयार व्हावी, असे नियम सांगतो. परंतु मतदाराला दुखवायचे कोणी? दरवर्षी थोडे थोडे द्यावयाचे ते एकदम अंगावर आले. त्यातच २०१६ च्या हद्दवाढीत मलकापूर, उमरी, गुडधी अशी २४ गावे शहरात आली. ग्रामपंचायतीची घरपट्टी भरणाऱ्या कुटुंबाच्या हाती महापालिकेचे देयक पडले. रस्ता आणि नाली पोहोचण्याआधी देयक पोहोचले, ही त्यांची तक्रार अस्थानी म्हणता येणार नाही.

आता मूल्यांकनाकडे वळू. घर भाड्याने दिल्यास वर्षाला रास्त भाडे किती येईल, याचा अंदाज हा आकारणीचा पाया. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा केले की करयोग्य मूल्य मिळते. वार्षिक भाडे २४,००० रुपये धरले तर २,४०० वजा जाऊन २१,६०० हे करयोग्य मूल्य. कराची टक्केवारी त्यावर लागते. म्हणजे चूक व्हायची ती दरात नव्हे, भाड्याच्या अंदाजात आणि मोजमापात. जुन्या शहरातील धाब्याचे घर कागदावर पक्के स्लॅबचे होते. ओसरी खोलीत मोजली जाते. समोरच्या खोलीत शिलाई मशीन दिसली म्हणून ‘वाणिज्य वापर’ लिहिला जातो. आजोबांच्या नावावरच्या वाड्यात तीन भावांची तीन खाती निघतात आणि एक खोली दोनदा मोजली जाते. मोजणीला येणारा माणूस दाराशी किती मिनिटे थांबतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

एखाद्या घराची प्रथमच आकारणी झाली किंवा मूल्य वाढले, तर मालकाला स्वतंत्र लेखी नोटीस देणे आयुक्तांवर बंधनकारक आहे. नोटीस मिळाल्यापासून २१ दिवसांत तक्रार द्यायची. ‘कर फार आहे, कमी करावा’ एवढे लिहून भागत नाही. क्षेत्रफळ अमुक नव्हे तमुक, बांधकाम विटामातीचे, वापर निवासी, अशी कारणे थोडक्यात पण पूर्ण मांडावी लागतात. तक्रारीची नोंद होते, तारीख कळवली जाते, सुनावणी होते. तेथे समाधान झाले नाही तर पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे अपील करता येते. पण आयुक्तांकडे आधी तक्रार केलेलीच नसेल, तर मूल्याविरुद्धचे ते अपील ऐकलेच जात नाही. नोटीस देवघराच्या कोनाड्यात ठेवून मोर्चाला गेलेल्या गृहस्थाचा हक्क नेमका येथेच बुडतो. पुढे थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढू लागते, आणि मग अभय योजनेची वाट पाहणे सुरू होते. वेळेवर भरणाऱ्याला मूर्ख ठरवणाऱ्या या योजनांविषयी एकदा सविस्तरच लिहावे लागेल.

दोष केवळ नागरिकांचा नाही. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे अकोला आणि अमरावती या दोन्ही महापालिकांत लोकनियुक्त सभागृह नव्हते. प्रशासकांच्या हाती कारभार होता. अमरावतीत नव्या सर्वेक्षणानंतरची वाढीव देयके घरोघरी गेली ती याच काळात. राजापेठेतील निवृत्त शिक्षकाने किंवा बडनेऱ्यातील विधवा भगिनीने गाऱ्हाणे कोणापुढे मांडायचे? नगरसेवकच नाही, आणि देयकावर नुसता आकडा! कोणत्या खोलीचे किती चौरस फूट धरले, भाड्याचा कोणता दर लावला, वापर काय नोंदवला, याचा तक्ता हाती असल्याशिवाय २१ दिवसांचा हक्क हा कागदी हक्क राहतो.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर दोन्ही शहरांना पुन्हा नगरसेवक मिळाले आहेत. करवाढ रद्द करण्याची घोषणा करणे त्यांना सोपे आहे. त्याऐवजी प्रत्येक नोटिशीसोबत मोजणीचा तक्ता सोप्या मराठीत जोडला जावा, सुनावणी प्रभागातच आणि नोकरदाराला सोयीच्या वेळी व्हावी, असा ठराव त्यांनी आणावा. आणि फेरमूल्यांकनानंतर किती तक्रारी आल्या, किती ऐकल्या गेल्या, किती घरांचे मूल्य कमी झाले, हा हिशेब प्रशासनाकडून सभागृहाच्या पटलावर मागून घ्यावा.