कामगार पुरुषाचे मन : कोणाचा प्रश्न?

मनाच्या आरोग्याचा विषय निघाला की आपल्यापैकी पुष्कळ जण त्याला मध्यमवर्गीय चैन समजून बाजूला सारतात. पहाटे फिरावयास जा, वेळेवर झोपा, दारू-तंबाखू सोडा, मनातले बोलून टाका, असा उपदेश वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून नित्य होत असतो. बारा तास राबून लोकलच्या गर्दीतून घरी परतणाऱ्या माणसाला तो थट्टेसारखा वाटावा, यात नवल नाही. परंतु उपदेशक चुकीचा असला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष होते. एकूण संख्येत चौथ्या हिश्शाहून अधिक माणसे रोजंदारीवर जगणारी होती. आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. ही माणसे ज्या वर्गातली, त्याच वर्गाच्या नावाने आपण सभा घेतो.

सवयी ही व्यक्तीची खासगी मालमत्ता नव्हे, हे समाजवाद्यांना खरे तर फार पूर्वी उमगले होते. व्हिएन्नाजवळच्या मारीएनथाल या गावातील कापडगिरणी १९२९-३० च्या मंदीत बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड व हान्स त्सायझेल या तरुण संशोधकांनी तेथे जाऊन केलेली पाहणी १९३३ साली प्रसिद्ध झाली. वास्तविक त्यांना कामगारांच्या फुरसतीचा अभ्यास करावयाचा होता. देशात बेकारी पसरली असता फुरसतीचा कसला अभ्यास करता, असे समाजवादी नेते ऑटो बाउअर यांनी त्यांना सुनावले. बेकारांकडे दिवसभर वेळ होता. तरीही कामगार वाचनालयातून नेली जाणारी पुस्तके निम्म्यावर आली, तीही वर्गणी माफ झालेली असताना. बहुतेक पुरुषांनी घड्याळ वापरणे सोडून दिले. रस्त्याने जाताना ते वरचेवर थांबत, रेंगाळत. स्त्रिया मात्र भराभर चालत, कारण चूल, पाणी आणि मुले यांनी त्यांचा दिवस बांधून ठेवला होता. कारखान्याचा भोंगा बंद होताच पुरुषाच्या दिवसाचा सांगाडाच ढासळला.

ही कहाणी परकी वाटण्याचे कारण नाही. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यांतील हजारोंना पुन्हा कामावर घेतलेच गेले नाही. त्यांच्याबरोबर पाळी गेली, खानावळ विस्कटली, तालमीतली आणि भजनी मंडळातली ऊठबस थांबली. माणूस ज्या चार ठिकाणी आपसूक बोलता होत असे, ती ठिकाणे नाहीशी झाली. गुत्ता तेवढा उघडा राहिला. त्या माणसाला ‘व्यसनी’ म्हणून निकालात काढणे फार सोपे आहे.

उलट, काम आहे त्याला उसंत नाही. रॉबर्ट ओवेनने आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती अशी दिवसाची वाटणी मागितली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. झोपेचा आणि विरंगुळ्याचा हक्क असा लढून मिळवलेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. त्यानंतर कामगाराला ‘पुरेशी झोप घ्या’ असे सांगण्याचा अधिकार सरकारी आरोग्यखात्याला उरतो काय, हे त्याने स्वतःच ठरवावे. कामाच्या तासांची लढाई ही मनाच्या आरोग्याचीच लढाई आहे.

पण समाजव्यवस्था बदलेपर्यंत कार्यकर्त्याने झोपू नये, असे कोणत्याही तत्त्वज्ञानात लिहिलेले नाही. आपल्या बैठका रात्री अकराला रंगात येतात, विड्यांच्या धुरात मध्यरात्र उलटते, आणि जो लवकर उठून जातो त्याच्या निष्ठेविषयी कुजबुज होते. जागरण, उपास आणि अबोलपणा यांना आपण त्यागाची प्रतिष्ठा देऊन बसलो आहोत. बैठक साडेनऊला संपली तर क्रांती लांबणीवर पडेल, असे मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पुरुषाने मन मोकळे करावे म्हणतात, ते बहुधा पत्नीपुढे. म्हणजे तिच्या दुहेरी श्रमात तिसऱ्याची भर. मारीएनथालच्या स्त्रियांचा दिवस ज्या कामांमुळे शाबूत राहिला, ती कामे पुरुषांनी वाटून घेतली तर दोघांचेही भले होईल. सकाळचे पाणी भरणे, भाजी चिरणे, मुलांना शाळेत पोहोचवणे यांत हातापायांना हालचाल आहे, दिवसाला वेळापत्रक आहे आणि आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीवही आहे. पुरवण्यांतील आरोग्यसल्ल्यांत हा सल्ला मात्र क्वचितच आढळतो!

ज्याची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, जो जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला आहे, त्याला केवळ सवयींच्या भरवशावर सोडता येणार नाही. त्याला डॉक्टरांकडे नेले पाहिजे, आणि एकट्याने जायला तो कचरत असेल तर सोबत गेले पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळवण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही. हा क्रमांक प्रत्येक युनियन कार्यालयाच्या फळ्यावर असावा. कामावरून कमी केलेल्या सदस्याच्या घरी त्याच आठवड्यात शाखेतील कोणी तरी जाऊन यावे. खटल्याची तारीख सांगायला नव्हे, नुसते बसायला. आणि आपल्या जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाचे पद भरलेले आहे की रिकामे, तो आठवड्यातून किती दिवस बसतो, औषधे मिळतात की बाहेरून आणावी लागतात, याची चौकशी प्रत्येक जिल्हा समितीने करून तिचा अहवाल पुढील बैठकीत ठेवावा.