नित्यनेमाचे पाणी

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत देवाची वाण नाही. लेण्याद्रीला गिरिजात्मज आहे, ओझरला विघ्नेश्वर आहे, ओतूरला चैतन्यस्वामींची समाधी आहे आणि आळ्याला तर ज्ञानोबांनी वेद बोलविलेल्या रेड्याचीही समाधी आहे! मंचर-घोडेगावच्या रस्त्याने भीमाशंकरला जाणारी रीघ श्रावणात खंडत नाही. जुन्नर शहरात जुन्या मशिदी आहेत, दर्गे आहेत. या सर्व ठिकाणी एक गोष्ट कधी चुकत नाही. देवळाच्या पायरीशी पाय धुवायला पाणी असते; मशिदीत पाचही वेळच्या नमाजाआधी वजूसाठी पाणी असते. पुजारी आजारी पडला म्हणून काकडआरती बुडाली, असे कोणी कधी ऐकले आहे काय?

आता अशाच एखाद्या गावच्या शाळेकडे वळा. सगळ्याच शाळांची गोष्ट मी करीत नाही. पण जिथे दुर्दशा आहे तिथे ती एकाच साच्याची आहे. शौचकूप बांधलेला आहे, दारावर मुलामुलींची रंगीत चित्रे आहेत आणि आत पाणी नाही. हात धुण्यासाठी तोट्यांची रांग आहे आणि वरची टाकी ठणठणीत कोरडी आहे. पोरे मातीत खेळलेले हात चड्डीला पुसतात आणि तसेच खिचडीच्या ताटात घालतात. आणि सातवी-आठवीतली पोर? ती सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही; कारण घेतला तर जायचे कुठे? महिन्याचे चार दिवस ती घरीच राहते. चार दिवसांचे गणित बुडते, मग परीक्षा बुडते, मग घरची माणसे म्हणतात, “हिचे शाळेत लक्ष नाही, उजवून टाका.” कोरड्या टाकीने मोडलेला हा संसार शाळेच्या हजेरीपटावर नुसत्या ‘गैरहजर’ या शब्दाने नोंदला जातो.

कायद्यात काही कमी आहे, असे मुळीच नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत पिण्याचे पाणी आणि मुलामुलींसाठी वेगळी शौचालये सांगितली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली. २०१४ च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून याच गोष्टीची घोषणा झाली. २०२० च्या गांधीजयंतीला शाळांना नळाचे पाणी देण्याची शंभर दिवसांची मोहीम निघाली. मग घोडे अडले कुठे? घोडे अडले ते दुसऱ्या दिवशी! बांधकामाला अनुदान असते, नारळ असतो, फोटो असतो. रोज टाकी भरणे, साबणाची वडी ठेवणे, भांडे घासणे, तोटीचा वायसर बदलणे यांना उद्घाटन नसते. सरकारजवळ योजना आहेत, नित्यनेम नाही. आणि नित्यनेम ज्यांच्या रक्तात मुरला आहे, ती मंडळी शाळेच्या फाटकाबाहेर उभी आहेत!

“देवस्थानाचा आणि शाळेच्या मोरीचा संबंध काय?” असे विचारणाऱ्या विश्वस्तांनी जुन्नरच्याच डोंगरांना विचारावे. मानमोडीच्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा लेख आहे. ४६ व्या वर्षी त्याने मंडप आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याची त्यात नोंद आहे. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्याचे कोरले आहे. परमुलखातला माणूस परक्यांच्या तहानेसाठी कातळ फोडतो आणि त्याला धर्मदान म्हणतो! धर्म आणि पाणी यांचे नाते या तालुक्याला दोन हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होते.

एक आक्षेप मात्र खरा आहे. धर्म पाण्याजवळ आला की सोवळेही आले. शाळेत तहान लागली तरी शिपायाने नळ सोडल्याखेरीज बाबासाहेब आंबेडकरांना पाणी मिळत नसे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव होऊनही १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. म्हणून देवस्थानांनी शाळेत यायचे ते तीन अटींवर. पाण्याला जात नसावी. टाकीवर दात्याची पाटी नसावी आणि घोटामागे कोणत्या देवाचे नाव घेण्याची सक्ती नसावी. आणि तिसरी अट सर्वांत कडू: शौचकूप घासण्याचे काम ठरावीक घरांतल्या पोरांच्या माथी मारलेले नसावे.

ही तिसरी अट ऐकून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी गाडगेबाबांचा फोटो भिंतीवरून खुशाल उतरवावा. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्या महापुरुषाचा धर्म होता. १९५६ साली ते गेले. २००० साली सरकारने ग्रामस्वच्छतेच्या अभियानाला त्यांचे नाव दिले. आपण नाव घेतले आणि खराटा कोपऱ्यात ठेवला!

“हे काम सरकारचे आहे,” असे कोणी म्हणेल. आहेच! त्याची वसुली सरकारकडून झालीच पाहिजे. देवस्थानाने पुढे होणे म्हणजे सरकारला माफी देणे नव्हे. “आमच्या ट्रस्टच्या घटनेत हे बसत नाही,” असे दुसरा म्हणेल. पैसा बसत नसेल तर राहू द्या. भाविकाचे दोन हात कोणत्या घटनेने बांधले आहेत? “पाणीच नाही,” असे तिसरा म्हणेल. माणिकडोह आणि डिंभे यांसारखी धरणे ज्यांच्या दाराशी, त्या डोंगरांतल्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांनी हे म्हणावे. त्यांचा तो अधिकार आहे. परंतु तिथे पाऊस कोसळतोही अपार. शाळेच्या छपराचे पाणी पन्हळीने टाकीत उतरविणे आणि मृगाआधी ती टाकी घासून ठेवणे, एवढे तर भजनी मंडळ एका एकादशीला करू शकेल.

दरवर्षी सप्ताहात सात दिवस अखंड वीणा उभी राहते. पहाऱ्यांची यादी लागते, रात्री दोनचा पहारासुद्धा कोणी चुकवीत नाही. अशीच एक यादी शाळेच्या टाकीसाठी लावा. सोमवारी दिंडी, मंगळवारी मशिदीची जमात, बुधवारी विहार, गुरुवारी महिला मंडळ. शाळेचे सगळे वार वाटून घ्या. ज्या गावाला अखंड वीणा पेलते, त्याला पोरांची भरलेली टाकी पेलत नाही, हे मला कोणी सांगू नये. पेलत नाही असे नव्हे. त्याला आपण अद्याप पुण्यात धरलेले नाही.